फोनवर वाचणाऱ्यासाठी मराठीत कसं लिहावं?

पागोळी

ओळखीतल्या लोकांचे लेख छापायला जाण्याआधी वाचून देणं हे माझं आवडीचं काम. कोणी दिवाळी अंकासाठी लिहितं, कोणी संस्थेच्या स्मरणिकेसाठी, कोणी निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच लिहायला बसलेलं असतं. लेख हातात देताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हल्ली लोकांना वाचायला वेळ कुठे आहे? जरा छोटं आणि चटपटीत करून द्या."

मला हे अजिबात मान्य नाही, म्हणून हा धागा काढते आहे. वाचक लांबीला कंटाळतो असं मला दिसत नाही, ताटकळत ठेवलं की कंटाळतो. सांगण्यासारखं जे आहे ते चौथ्या पानावर आणि पहिली तीन पानं प्रस्तावनेत, हे छापील अंकात खपून जायचं. अंक विकत घेतलेला असायचा, दुपारभर तोच हातात असायचा. फोनवर लेख उघडणाऱ्याने त्या लेखासाठी काहीच मोजलेलं नसतं. त्याला थांबायचं कारण आपणच द्यायला हवं, आणि ते पहिल्या दोन-तीन वाक्यांत द्यायला हवं.

एक उदाहरण देते, लेखिकेच्या परवानगीने. विषय मुंबईचं पाणी. लेखाची सुरुवात अशी होती:

"बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या वतीने मुंबई शहर व उपनगरातील नागरिकांना सात जलाशयांच्या माध्यमातून पाणीपुरवठा करण्यात येत असून, सदर पाणीपुरवठा व्यवस्थेचा इतिहास अत्यंत रंजक व प्रेरणादायी असल्याचे दिसून येते."

माहिती बरोबर आहे, व्याकरणही बरोबर आहे. पण यात माणूस नाही, जागा नाही, आणि "रंजक" हे वाचकाने ठरवायचं असतं. याच लेखात पुढे तीन सुंदर गोष्टी दडून बसल्या होत्या. मी त्या वर आणल्या आणि सुरुवात अशी झाली:

"हँगिंग गार्डनमध्ये फिरायला जाता तेव्हा तुमच्या पायांखाली पाणी असतं. ती बाग जलाशयावर उभी आहे. उलट धोबीतलावला तलाव नाही आणि गोवालिया टँकला टाकी नाही. ती बुजली, नावं बसथांब्यांना राहिली. १८६० साली विहारचं पाणी नळाने शहरात आलं, त्याआधी मुंबई अशाच तलावांवर आणि विहिरींवर जगत होती. आज आपल्या नळाला पाणी केव्हा येणार हे रस्त्यावरचा एक माणूस ठरवतो. तो लोखंडी झाकण उचलतो, टी आकाराची लांब चावी खाली खड्ड्यात सोडतो आणि अंगाचा भार देऊन, फेरे मोजत, वॉल्व फिरवतो. त्याला चावीवाला म्हणतात."

मी पदरचं काही घातलं नाही. सगळं तिच्याच लेखातलं, फक्त खाली होतं ते वर आलं. लेख पूर्वीइतकाच लांब आहे.

तुमचा अनुभव काय? लिहिताना काय करता, आणि वाचताना नेमके कुठे सोडून देता?

विरार_फास्ट

वाचनखूण साठवली. 🙂

मी पूर्णपणे लोकलमधला वाचक, तेव्हा माझी बाजू सांगतो. एका हाताने वरची कडी धरलेली, दुसऱ्या हातात फोन, सगळं काम अंगठ्याचं. वसईच्या खाडीवर रेंज जाते-येते. बोरिवलीला दाराकडे रेटारेटी सुरू झाली की फोन खिशात. या सगळ्यात मी अर्ध्या तासाचे लेखही वाचतो आणि नेमाने वाचतो. लांब लेख सोडायची माझी कारणं वेगळी आहेत.

पहिलं, मध्येच फोन ठेवावा लागला तर परत आल्यावर मी कुठे होतो ते सापडत नाही. सलग मजकुराचा ठोकळा असेल तर शोधण्यातच पुढचं स्टेशन येतं. उपशीर्षकं द्या, पण ती काहीतरी सांगणारी द्या. "प्रस्तावना", "पार्श्वभूमी", "इतिहास", "समारोप" यांतून मला काहीच कळत नाही. "विहारचं पाणी १८६० साली आलं" हे उपशीर्षक असेल तर मला माझी जागा लगेच सापडते, आणि नुसती उपशीर्षकं वाचूनही अर्धा लेख कळतो.

दुसरं, पहिल्याच परिच्छेदात पाच नावं आणि चार सनावळ्या. एक माणूस नीट ओळखीचा होऊ द्या, मग दुसरा आणा.

पागोळीताई, तुमचा बदललेला परिच्छेद वाचून पूर्ण लेख वाचावासा वाटला. तो कुठे मिळेल?

वरळीकर

विरोधी मत नोंदवतो. वाचकाला सोपं करून देण्याच्या नादात आपण त्याला आळशी करतो आहोत. मुंबईतून १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून आपली दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. शंभराहून जास्त वर्षं मराठी माणूस जाडजूड अंक घेऊन, बैठक मारून वाचत आला आहे. त्याला पहिल्या ओळीत आमिष लागलं नाही.

आणि कीर्तन घ्या. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग, म्हणजे निरूपण. कथा उत्तररंगात. लोक निरूपण ऐकतात, मग कथेला येतात. तुमच्या हिशोबाने बुवांनी आधी कथा सांगून टाकायला हवी! गंभीर लेखनाने वाचकाकडे थोडे कष्ट मागितले तर काय बिघडलं?

पागोळी

वरळीकर, कष्ट मागण्याबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. फक्त ते विषयाचे असावेत, वाक्यरचनेचे नकोत. सात तलावांचं पाणी एकमेकांत कसं मिसळतं हे समजून घ्यायला डोकं चालवावं लागतं, ते चालवू द्या. "च्या माध्यमातून करण्यात येत असून" यात डोकं चालवून हाती काहीच लागत नाही.

कीर्तनाचं उदाहरण मला फार आवडलं, पण ते माझ्याच बाजूने बोलतं आहे. पूर्वरंग सुरू होतो तो अभंगाने किंवा पदाने. टाळ वाजतात, ओळ कानावर पडते, ती दोन-तीनदा घोळवली जाते, मग निरूपण. ज्यावर तासभर बोलायचं ती ओळ बुवा आधी हातात देतात. शिवाय ऐकणारा देवळात येऊन बसलेला असतो. आपला वाचक अजून बसलेला नाही.

वाचक भरभर नजर फिरवतो हे काही फोनने आणलेलं नाही. संकेतस्थळं लोक कशी वापरतात याचा अभ्यास करणारे याकोब नील्सन यांनी १९९७ सालीच संगणकाच्या पडद्यावर वाचणाऱ्यांची चाचणी घेतली होती. त्यात ७९ टक्के लोक नवं पान आलं की नुसती नजर फिरवत होते, शब्द न् शब्द वाचणारे १६ टक्के होते. पुढे २००६ मध्ये त्यांनी डोळ्यांची हालचाल टिपली. वरच्या ओळी नजर पूर्ण पार करते, खाली अर्ध्यातून परतते, आणि मग डाव्या कडेने उतरत जाते. इंग्रजी एफ अक्षरासारखा माग दिसला. हे प्रयोग मराठीवर झालेले नाहीत आणि हातातल्या छोट्या फोनवरचेही नाहीत, तेव्हा ते जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. पण परिच्छेदाचे पहिले काही शब्द जास्त डोळ्यांखालून जातात, एवढं माझ्या संपादनात मी धरून चालते. तिथे "याव्यतिरिक्त असे नमूद करावेसे वाटते की" हे बसलं असेल तर ती जागा फुकट गेली.

@विरार_फास्ट, लेखाचं काम चालू आहे. झाला की इथेच दुवा देईन.

स्वल्पविराम

उत्तम धागा! वाक्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण "छोटी वाक्यं लिहा" हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि मराठीत तो अर्धाच लागू पडतो.

आपल्याकडे क्रियापद शेवटी. त्यामुळे कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये जे काही कोंबाल ते सगळं वाचकाला तोंडात धरून ठेवावं लागतं. पेपरात नेहमी दिसणारं वाक्य घ्या: "गेल्या आठवड्यात झालेल्या मुसळधार पावसामुळे सखल भागांत साचलेल्या पाण्यातून वाट काढणाऱ्या प्रवाशांची मोठ्या प्रमाणावर गैरसोय झाल्याचे चित्र पाहायला मिळाले." झालेल्या, साचलेल्या, काढणाऱ्या. एका नामाला लटकलेलं दुसरं, त्याला तिसरं. आणि शेवटी कळतं काय, तर कोणाला तरी एक चित्र पाहायला मिळालं. त्याऐवजी: "हिंदमाताला गुडघाभर पाणी होतं. बस परळच्या पुलावर जागची हलेना, तेव्हा लोक उतरले आणि चपला हातात घेऊन चालू लागले."

यातलं दुसरं वाक्य छोटं नाही. तरी ते सुरळीत वाचलं जातं, कारण गोष्टी घडल्या त्याच क्रमाने आल्या आहेत. मराठीत ही मोठी सोय आहे. "झाकण उचलून, चावी खाली सोडून, फेरे मोजून तो वॉल्व उघडतो." किती "ऊन" लावा, वाचक अडखळत नाही, प्रत्येक पावलावर त्याला एक पुरी क्रिया मिळते. अडचण लांबीची नसून वाक्यात वाक्य खुपसण्याची असते. म्हणून मी शब्द मोजत बसत नाही. एका नामाच्या आधी "-लेल्या", "-णाऱ्या", "-तील" असे दोनांहून जास्त डबे जोडले गेले आहेत का, तेवढं पाहतो. गेले असतील तर वाक्य फोडतो.

सगळीच वाक्यं तोडली तर उलटा त्रास होतो. "पाऊस आला. पाणी साचलं. बस थांबली. लोक उतरले." हे पहिलीच्या पुस्तकासारखं लागतं, आणि चार ओळींनंतर कान मिटतात.

आणखी एक. जुन्या मोडी कागदांत विरामचिन्हं नसत. ती आपल्याकडे इंग्रजी अमदानीत रुळली, त्यात मेजर कँडी या इंग्रज कोशकाराचा वाटा मोठा. त्याआधी वाक्याचे सांधे कशावर तोललेले होते? तर, की, म्हणून, पण, मग, तरी यांवर. ही बारकी अव्ययं आजही वाचकाला हाताला धरून नेतात. हल्लीच्या लेखनात ती गाळून नुसते स्वल्पविराम टाकलेले दिसतात, आणि एका वाक्याचा दुसऱ्याशी संबंध काय हे वाचकाने ओळखायचं. "पाणी कमी होतं, पुरवठा बंद केला" यात "म्हणून" आहे की "तरी" आहे? लिहिणाऱ्याला माहीत असतं, त्याने लिहावं.

गावदेवी

स्वल्पविराम, प्रतिसाद फार आवडला. "डबे जोडणं" लक्षात राहील. माझ्या ऑफिसच्या पत्रव्यवहारात अख्खी मालगाडी असते.

अक्षरजुळणी

तुम्ही सगळे शब्दांवर बोलता आहात, मी दिसण्यावर बोलतो. गिरगावात आमचं डीटीपीचं काम आहे, जन्म अक्षरं जुळवण्यात गेला. चांगला लेख मांडणीपायी न वाचला जाताना मी रोज बघतो आणि जीव तुटतो.

पहिली गोष्ट पीडीएफ. ए-फोर कागदावर दोन रकान्यांत लावलेला लेख लोक तसाच व्हॉट्सॲपवर पाठवतात. फोनवर तो वाचायचा म्हणजे बोटांनी मोठा करा, डावीकडून उजवीकडे सरकवा, ओळ संपली की परत डावीकडे या, रकाना संपला की वर जा. इतके कष्ट नातेवाईकच घेतात. मजकूर मजकूर म्हणूनच पाठवा, म्हणजे फोन आपल्या रुंदीला ओळी मोडून घेतो आणि ज्याला अक्षर मोठं हवं त्याला ते मोठं करता येतं.

दुसरी गोष्ट जुने फाँट. श्रीलिपी, कृतिदेव वगैरेंमध्ये टाइप केलेला मजकूर दिसायला देवनागरी असतो, पण संगणकाच्या लेखी ती भलतीच अक्षरं असतात. तो शोधात सापडत नाही, फोनवर उघडला तर अगम्य चिन्हं दिसतात. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. तरी आजही माझ्याकडे येणारे कितीतरी लेख जुन्या फाँटमध्येच येतात. रूपांतर करून देता येतं, पण त्यात रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, आणि ती नजरेने तपासावी लागतात.

तिसरी गोष्ट ओळींमधलं अंतर. आपल्या लिपीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार-ऋकार. रोमन लिपीला पुरतं तेवढं अंतर आपल्याला पुरत नाही. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो आणि डोळा थकतो. अंतर थोडं जास्तच ठेवा. शब्दाखाली रेघ मारू नका, ती रेघ उकार कापत जाते, "कुळ" आणि "कूळ" यांतला फरकच दिसेनासा होतो. तिरकी अक्षरंही देवनागरीला शोभत नाहीत, जोर द्यायचा तर ठळक करा. आणि दोन्ही कडा सारख्या करायचा हट्ट फोनवर सोडा. आपले शब्द लांब, ते ओळीच्या शेवटी तुटत नाहीत, मग मधल्या जागा फाकतात आणि परिच्छेदाला भोकं पडल्यासारखी दिसतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, एवढं पुरतं.

फाँट चांगले आहेत हो आता. मुक्त, बालू हे मुंबईच्याच एक टाइपने केलेले, फुकट मिळतात आणि पडद्यावर स्वच्छ दिसतात.

ज्या गावात जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखान्याचे टाइप पाडले, ज्यांची वळणं नावाजली गेली, त्या गावात मराठी मजकूर इतक्या हलगर्जीपणे मांडलेला बघवत नाही.

कानसेन

अक्षरजुळणींच्या मजकूर मजकूर म्हणून पाठवण्याच्या मुद्द्याला कळकळीचं अनुमोदन. मी डोळ्यांनी वाचत नाही, फोन मला वाचून दाखवतो. लेखाचा फोटो काढून पाठवला की माझ्यासाठी तो लेख नसतोच.

माझ्यासारख्या वाचकासाठी जे कराल ते डोळ्यांनी वाचणाऱ्यांनाही सोयीचं पडेल, म्हणून लिहितो. उपशीर्षक नुसतं ठळक न करता शीर्षक म्हणूनच टाका, म्हणजे मला एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. विरार_फास्ट यांना जागा सापडावीशी वाटते, तशीच मलाही. वाक्य संपलं की पूर्णविराम द्या. तो नसेल तर माझा फोन श्वास न घेता पुढे पळतो. ओळीने दहा बदाम आणि टाळ्या टाकल्या तर तो दहाही वाचून दाखवतो. लेखात फोटो असेल तर त्यात काय आहे ते एका वाक्यात लिहा. "खालील छायाचित्र बोलके आहे" असं लिहून सोडलेलं असतं आणि माझ्याशी ते बोलत नाही.

पागोळीताईंचा पहिला परिच्छेद मी ऐकला आणि दुसराही. पहिल्यात "येत असून" पर्यंत पोचेस्तोवर सुरुवात निसटली होती. दुसऱ्यात झाकण, चावी, फेरे सगळं कानात राहिलं. लेख लिहून झाला की तो फोनकडून वाचून घ्या आणि डोळे मिटून ऐका. कुठे लक्ष उडतं ते तुम्हाला लगेच कळेल.

मधली_सुट्टी

आठवी-नववीला मराठी शिकवते, भांडुपला. माझ्या वर्गातली मुलं घरी मराठी बोलतात, इंग्रजी माध्यमात शिकतात आणि मराठी वाचताना बोट ठेवून वाचतात. पुढच्या दहा वर्षांतले वाचक हेच आहेत, म्हणून त्यांच्यावर कसे प्रयोग होतात ते सांगते.

काल पागोळीताईंचे दोन्ही परिच्छेद फळ्यावर लिहिले. पहिला एका मुलाने मोठ्याने वाचला. "जलाशयांच्या माध्यमातून"ला अडखळला, "प्रेरणादायी"ला थांबला. वर्ग शांत होता, पण ती शांतता वाट बघण्याची होती. दुसरा परिच्छेद वाचताना "टाकी नाही"ला दोघी हसल्या, आणि चावीवाल्यापाशी मागच्या बाकावरून हात वर आला: "मॅडम, मग आमच्या चाळीत पाणी पहाटे सव्वापाचलाच का येतं? तो उशिरा का नाही उठत?" तिथून पुढे तास माझ्या हातात राहिला नाही. भांडुप संकुलात पाणी शुद्ध होतं हे त्यांना माहीत होतं, ते शाळेच्या एवढं जवळ आहे. पण ते आणि घरचा नळ यांच्यामध्ये एक माणूस चावी घेऊन फिरतो, हे कोणीच त्यांना सांगितलं नव्हतं.

माझं निरीक्षण असं, की मुलांना अवघड शब्दाची भीती नसते. "जलशुद्धीकरण" हा शब्द त्यांनी तासाच्या शेवटी बिनदिक्कत वापरला, कारण तोवर त्यांना त्याची गरज पडली होती. आधी गोष्ट दाखवा, शब्द मागून येऊ द्या. शब्द सोपे करत करत मजकूर पातळ केलात तर त्यांच्या लगेच लक्षात येतं की आपल्याला लहान समजलं जातं आहे.

विरार_फास्ट

मधली_सुट्टी, वर्गातला प्रसंग मस्तच. त्या मुलाला उत्तर काय दिलंत?

आणि मथळ्यांबद्दल कोणी बोललंच नाही. "हे वाचून तुम्ही थक्क व्हाल", "पाचवं कारण ऐकून धक्का बसेल" असले मथळे बघितले की मी लेख उघडतच नाही. पण साधा मथळा दिला तर कोणी उघडत नाही असं लिहिणारे मित्र सांगतात. मधला मार्ग काय?

मधली_सुट्टी

@विरार_फास्ट, उत्तर असं दिलं की सगळ्या शहराला एकाच वेळी पाणी सोडलं तर दाब पुरत नाही, म्हणून विभागवार वेळा ठरलेल्या असतात आणि वॉल्व पाळीपाळीने उघडतात. मग सगळ्यांनी आपापल्या घरची वेळ सांगितली आणि फळ्यावर वेळापत्रकच तयार झालं.

पागोळी

मथळ्याबद्दल माझं मत कडक आहे. मथळ्यात जे कबूल केलं ते लेखात मिळालंच पाहिजे, आणि लवकर मिळालं पाहिजे. त्या पाणीवाल्या लेखाचं मूळ नाव होतं "जल हेच जीवन". या नावाखाली पाण्यावरचा जगातला कुठलाही लेख चालेल. आम्ही "तुमच्या नळाला पाणी कोण सोडतं?" असं केलं. यात आरडाओरडा नाही, तरी मुंबईकराला उत्तर जाणून घ्यावंसं वाटतं, आणि लेख खरोखरच ते उत्तर देतो. दोन मथळे सुचले तर मी नेहमी जो दुसऱ्या लेखाला देता येणार नाही तो निवडते.

थक्क करणारे मथळे एकदा उघडले जातात हे खरं. पण फसलेला वाचक पुढच्या वेळी नाव बघूनच पुढे जातो.

तानसा_काठ

मी शहापूर तालुक्यातला. सगळे प्रतिसाद वाचले, चांगली चर्चा आहे. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही.

तुमचा बदललेला परिच्छेद छान आहे, पण तो मुंबईत सुरू होऊन मुंबईतच संपतो. तानसाचं पाणी १८९२ पासून तुमच्याकडे जातं आहे. तानसा, मोडकसागर, भातसा, तिन्ही आमच्या तालुक्यात. आणि उन्हाळ्यात आमच्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. जलवाहिनी कुठे कुठे वस्तीच्या इतकी जवळून जाते की तिच्या सांध्यातून झिरपणारं पाणी खाली भांडं लावून धरलेलं मी पाहिलं आहे. भांडं भरायला वेळ लागतो, बाई बाजूला बसून राहते. वरून तुमचं पाणी चाललेलं असतं.

वाचकाला धरून ठेवायचं कसं यावर तुम्ही सगळे बोलता आहात. मला विचाराल तर लेखात ज्याचं काही पणाला लागलं आहे असा माणूस असला की वाचक आपोआप थांबतो. चावीवाला तसा आहे. पण त्याच्यापेक्षा ती बाई जास्त आहे. तिच्याशिवाय लेख कितीही गोड वाचला गेला तरी तो अर्धा आहे.

वरळीकर

तानसा_काठ, हे वाचून गप्प झालो. मी वर ज्याला गंभीर लेखन म्हणत होतो ते हेच. पण ते तुम्ही एका परिच्छेदात आणि अगदी साध्या वाक्यांत लिहिलंत, तेव्हा माझा कष्टांचा मुद्दा मला नव्याने तपासावा लागेल.

स्वल्पविराम

"भांडं भरायला वेळ लागतो, बाई बाजूला बसून राहते." या वाक्याला विशेषण नाही. "हृदयद्रावक", "भीषण" यांतलं काही असतं तर एवढं लागलं नसतं.

पागोळी

तानसा_काठ, तुमचा प्रतिसाद लेखिकेला फोनवर वाचून दाखवला. तिला तो तसाच पटला, आणि लेखाचा दुसरा भाग शहापूरहून सुरू करायचा असं आमचं ठरलं. तिथे येऊन त्या बायकांशी बोलायची तिची तयारी आहे. त्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत यावं, आम्ही ते प्रमाण करून गुळगुळीत करणार नाही. ओळख करून द्याल का?

एक अडचण मात्र सगळ्यांपुढे ठेवते. आकडे. मुंबईला रोज ३,८०० दशलक्ष लिटरांहून जास्त पाणी पुरवलं जातं. हा आकडा लेखात हवाच, पण तो वाचून कोणाच्या डोळ्यांपुढे काही येत नाही.

मधली_सुट्टी

शहरांसाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हा मापदंड धरला जातो. मी वर्गात तो बादल्यांवर आणते. अठरा लिटरची बादली धरली तर साडेसात बादल्या. मग मुलांना घरी मोजायला सांगते: आंघोळीला किती, कपड्यांना किती, फ्लशला किती. शहराचा आकडा त्यानंतर दिला की त्याचं वजन कळतं. लेखातही आधी एका घराचा आकडा द्या, मग शहराचा, आणि लगेच खाली त्या पाड्यावर टँकरमागे घराला किती हंडे येतात ते. तिन्ही आकडे शेजारी शेजारी आले की वेगळं काही सांगावं लागणार नाही.

तानसा_काठ

ओळख करून देतो. मे महिन्यात या, तेव्हाच काय ते दिसेल. सकाळी लवकर निघा, टँकर आला की सगळ्या तिथेच असतात. आसनगावला उतरून पुढे मी घ्यायला येईन. हंड्यांचा आकडा त्याच सांगतील, सरकारी कागदावरचा घेऊ नका.

कानसेन

त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलंत तर लेखासोबत तेही ठेवा. तिथली बोली कागदावर उतरवताना बरीच निसटते.

विरार_फास्ट

कानसेन यांना अनुमोदन. हेडफोन लावून ऐकणारे डब्यात भरपूर असतात.

अक्षरजुळणी

दोन्ही भागांची मांडणी मी करून देतो, पैसे नकोत. फक्त मजकूर युनिकोडमध्ये पाठवा, फोटो वेगळे पाठवा, वर्डच्या फाइलीत चिकटवू नका. आणि प्रत्येक फोटोखाली काय लिहायचं ते कानसेन सांगतात तसं आधीच लिहून द्या, मागाहून कोणी लिहीत नाही.